मुलं घरीच शिकतात, मग स्वतःचा व्यायाम आणि धड जेवण कधी करता?

भांडुपची_आई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदा. आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो, वन बीएचके, चौथा मजला. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा, दोघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. हे आम्ही दोघांनी नीट विचार करून ठरवलंय त्यामुळे प्लीज "शाळेत घाल, आपोआप वेळ मिळेल" असं सांगू नका, ते नातेवाईक रोज सांगतातच.

तर प्रश्न माझ्या तब्येतीचा आहे. मागच्या महिन्यात टेस्ट केल्या, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ५.९ आलं. डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाहीये पण काठावर आहात, आणि आईला डायबेटिस आहे म्हणून जास्त जपा. हिमोग्लोबिन पण कमी. कंबर तर संध्याकाळपर्यंत इतकी धरते की मुलांबरोबर खाली चटईवर बसणं नको वाटतं. वय ३७. सांगितलं काय तर रोज चाला, वेळेवर जेवा, झोप पूर्ण करा. मान्य आहे सगळं, पण कधी?

दिवस कसा जातो ते लिहिते म्हणजे कळेल. नवरा सव्वाआठला निघतो, ऑफिस लोअर परळला, घरी यायला नऊ. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचे गुडघे दुखतात त्यामुळे घरात मुलांकडे बघतात पण खाली घेऊन जाणं त्यांना जमत नाही. सकाळी डबा, नाश्ता, मग साडेनऊपासून मुलीचं गणित, तेवढ्यात धाकट्याला शी लागते, भूक लागते, रंगपेटी सापडत नाही. साडेअकराला मी कुकर लावते आणि ती ओट्याजवळ स्टुलावर बसून पाढे म्हणते. दुपारी मराठी, इंग्रजी, परिसर अभ्यास, चार वाजतात. जेवताना धाकट्याला भरवायचं, मग त्याच्या ताटातला उरलेला वरणभात, मुलीने टाकलेली अर्धी पोळी, हे सगळं उभ्या उभ्या माझ्याच पोटात जातं, त्यानंतर स्वतःचं ताट वाढून घ्यायची इच्छाच राहत नाही. मग चारला चहा आणि त्याबरोबर खारी, बिस्किटं, फरसाण, जे हाताला लागेल ते. संध्याकाळी दोघांना खाली नेते, ती खेळतात, मी बाकावर. रात्री ती झोपली की दुसऱ्या दिवशीच्या वर्कशीट्स काढायच्या, झोपायला बारा.

योगाचे व्हिडिओ लावून बघितले, पाच मिनिटांत धाकटा पाठीवर बसतो. जिम परवडण्याचा प्रश्न नाही, पण जाणार कधी. ज्यांना खरंच जमलंय त्यांनी सांगा ना, तुम्ही नेमकं काय करता.

पाटीपेन्सिल

अगं आधी तुझ्या टाइमटेबलबद्दल बोलते, व्यायामाचं बाकीचे सांगतीलच. मी बरीच वर्षं प्राथमिकला शिकवलंय, आता माझी नात घरी शिकते. साडेनऊ ते चार टेबलावर हे पाच आणि नऊ वर्षांच्या मुलांसाठी खूप जास्त आहे गं, आणि मला वाटतं तुझा सगळा वेळ तिथेच जातोय.

शिक्षणहक्क कायद्यात शाळांसाठी काय धरलंय बघ. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास. सहावी ते आठवीला २२० दिवस, १००० तास. म्हणजे प्राथमिकला भागाकार केला तर दिवसाला ४ तास, आणि ते एका शिक्षकामागे ३० मुलं धरून, त्यात हजेरी, रांगा, वह्या गोळा करणं, "बाई, हा मारतोय" हे सगळं आलं. हा नियम शाळांसाठी आहे, आपल्याला लागू नाही, पण अंदाज घ्यायला उपयोगी पडतो. एका मुलीला समोर बसवून गणित शिकवलं की पाऊण तासात जेवढं होतं तेवढं वर्गात दोन-तीन तासिकांत पण होत नाही, हे मी वर्गात उभी राहून बघितलंय.

नऊ वर्षांच्या मुलीला सकाळचे दोन-अडीच तास नीट बसून आणि दुपारी तासभर वाचन पुरे. धाकट्याला तर अर्धा-पाऊण तास, तोही सलग नाही. दहावीची भीती वाटत असेल तर एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त शाळा, घरी शिकूनही परीक्षा देता येते) दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, तुझ्या हातात पाच वर्षं आहेत. रात्री बारापर्यंत वर्कशीट काढणं तर आधी बंद कर. एक चांगलं पुस्तक धर आणि त्यातलंच पुढचं पान. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलं जास्त खावंसं वाटतं, त्यामुळे तुझ्या बिस्किटांचा संबंध त्या वर्कशीटशी पण आहे.

बोरीवली_पूर्व

पाटीपेन्सिल काकूंना अनुमोदन. मी पण घरीच शिकवते, मुलगा १० चा, मुलगी ७ ची. आमच्याकडे शाळा सुरू होते तीच मुळी बाहेर. सकाळी सव्वासहा-साडेसहाला नॅशनल पार्क, चालायला येणाऱ्यांचा पास काढलाय, मुलं कधी सायकल तर कधी नुसती पळत आणि मी भराभर चालते. येताना केळी घेऊन खातो. घरी येऊन आंघोळ, नाश्ता, आणि मग अभ्यासाला बसली की मुलं अर्ध्या वेळात उरकतात कारण अंगातली रग जिरलेली असते.

डब्ल्यूएचओच्या २०२० च्या गाइडलाइन्समध्ये मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय दोन दिवस तरी स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, आणि ५ ते १७ वयाच्या मुलांना सरासरी रोज ६० मिनिटं सांगितलंय. म्हणजे मुलांना तुझ्यापेक्षा जास्त गरज आहे! आणि पूर्वी सलग १० मिनिटं तरी हवीत असं म्हणायचे, ती अट आता काढलीये. पाच-पाच मिनिटं पण धरतात. हे तुझ्यासारखीला फार महत्त्वाचं आहे.

तुला आमचं गेट लांब पडेल. पण तुमच्याकडे रविवारी भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला जा ना, थंडीत फ्लेमिंगो आलेले असतात, दुर्बीण घे, मुलीचा परिसर अभ्यास तिथेच. रोजसाठी तुझ्याकडे चार मजले आहेत. दूध आणायला, कचरा टाकायला लिफ्ट नाही, जिना. मुलीला पायऱ्या मोजायला सांग, मग चार मजल्यांच्या किती, दिवसातून तीनदा चढलो तर आठवड्याच्या किती. धाकटा चढताना एक-एक मोजेल. माझ्या मुलीने गुणाकार जिन्यातच पक्का केला. मनगटाला बोट लावून नाडी मोजायची, खाली असताना किती, वर आल्यावर किती, दोन मिनिटांनी किती, आणि वहीत आलेख. सायन्स झालं, गणित झालं, तुझा व्यायाम झाला.

आणि मुलं खाली खेळतात तेव्हा बाकावर बसू नकोस, तिथेच बिल्डिंगच्या कडेकडेने फेऱ्या मार. दादरकडे माझी बहीण राहते, तिचा मुलगा समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबाला जातो, तो आत असेपर्यंत ती शिवाजी पार्कला चकरा मारते. क्लासच्या बाहेर फोन घेऊन बसण्यात आपल्या सगळ्यांचा किती वेळ जातो!

डबेवाला_बाबा

ताई, मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा. वरच्या ताईंचं सगळं बरोबर आहे पण त्यात आई चोवीस तास आईच राहते. पायऱ्या चढताना पण मोजून घ्यायचं, चालताना पण पक्षी दाखवायचे. आमच्याकडे बायको घरी शिकवते, मी नोकरी करतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की तिचा व्यायाम हा तिचा एकटीचा असला पाहिजे, मुलं बरोबर नकोत. दिवसभर कोणी ना कोणी "आई" म्हणतंय, त्यातून तासभर सुटका हीच अर्धी तब्येत आहे.

तुमच्या पोस्टमध्ये तुमचे मिस्टर फक्त सव्वाआठला निघतात आणि नऊला येतात एवढेच दिसतात. सव्वाआठच्या आधी ते कुठे असतात? घरीच ना? मग साडेसहा ते सव्वासात त्यांचे. मुलं उठली तर दूध द्यायचं, डबा स्वतःचा स्वतः भरायचा. आम्ही घरी असंच केलंय. रात्री भाजी चिरलेली असते, कणीक मळून फ्रिजमध्ये, सकाळी मी पोळ्या लाटतो, पहिल्या पहिल्या वाकड्या व्हायच्या, आता चांगल्या होतात, आणि डबा लोकलमधल्या ग्रुपमध्ये उघडला की मी आवर्जून सांगतो की मी केल्यात. बायको त्या वेळात खाली असते. तिने त्या वेळात घरी फोन करायचा नाही आणि मी तिला करायचा नाही.

रविवारी पण एक सकाळ पूर्ण द्या. मुलांना घेऊन बाबा बाहेर. मुलुंडला कालिदास नाट्यगृहाशेजारी पालिकेचा तरणतलाव आहे, तुम्हाला पोहता येत असेल तर चौकशी करा, कंबरदुखीला पोहणं फार चांगलं. आणि ही वेळ भिंतीवरच्या टाइमटेबलमध्ये मुलांच्या गणिताच्या वर लिहा, मुलांना वाचता येईल अशी. लिहिलेलं नसलं की ती वेळ पहिली जाते.

भांडुपची_आई

बापरे, किती विचार करून लिहिलंत सगळ्यांनी. डोळे भरून आले खरंच.

डबेवाला_बाबा, राग नाही आला. नवऱ्याला तुमची पोस्ट वाचायला दिली. तो म्हणाला सकाळचं मी बघतो, पण पोळ्या येत नाहीत. मी म्हटलं मग पोहे-उपमा कर, डब्यात भात ने. बोरीवली ताई, जिन्याचं आवडलं, मुलीला सांगितल्या सांगितल्या ती मोजून पण आली.

आता खाण्याचं कोणी सांगेल का? साखर बंद, भात बंद, सगळं बंद असं मला नको, घरात पाच जणांचं वेगवेगळं करणं शक्य नाही. आम्ही मासे-अंडी खातो, सासूबाई सोमवार आणि चतुर्थी पाळतात.

नाचणी_सत्त्व

माझं शिक्षण न्यूट्रिशनमधलं आहे, दादरला काम करायचे, सध्या लहान बाळामुळे घरी आहे. तुमचे रिपोर्ट समोर नाहीत त्यामुळे औषध किंवा गोळ्यांबद्दल काही बोलत नाही, ते डॉक्टरांनाच विचारा. हिमोग्लोबिन का कमी आहे ते पण त्यांच्याकडून नीट समजून घ्या, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ बघायला हवं का तेही विचारा. एचबीए१सी ५.७ ते ६.४ ला प्रीडायबेटिस म्हणतात, तुम्ही त्यात सुरुवातीला आहात आणि या टप्प्यावर खाण्याचा आणि चालण्याचा खूप फरक पडतो. कंबरेचा घेर मोजा, आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटीमीटरच्या वर गेला की लक्ष द्यायचं असतं, वजनाच्या काट्यापेक्षा मला तो जास्त उपयोगी वाटतो.

वेगळा स्वयंपाक अजिबात करू नका. सगळ्यांचं ताट एकच, तुमच्या ताटात वाढण्याचं प्रमाण बदला. आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्था) २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटासाठी साधारण ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, धान्य २५० ग्रॅम आणि डाळी-अंडी-मासे मिळून ८५ ग्रॅम असं धरलंय, धान्य आणि डाळी कच्च्या वजनाने. आपल्या घरांत उलटं असतं, भात-पोळी भरपूर आणि भाजी तोंडी लावायला चमचाभर. म्हणून आधी भाजी, उसळ, कोशिंबीर वाढून घ्या, मग उरलेल्या जागेत पोळी किंवा भात.

प्रोटीनचा हिशोब करा. किलोला साधारण ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला रोज ५० ग्रॅम. दोन अंडी १२, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर घट्ट वरण ६-७, वाटीभर दही ४-५, बांगड्याचे दोन-तीन तुकडे म्हणजे १०० ग्रॅम धरले तर २० च्या आसपास. मुलांच्या ताटातला वरणभात खाऊन यातलं काय मिळतं? भाताने पोट भरतं आणि चारला परत भूक लागते, म्हणून खारी. चार वाजताची भूक ही एक वाजता न जेवल्याची भूक आहे. तुमचं ताट मुलांच्या आधी किंवा बरोबर वाढा, बसून जेवा, धाकट्याला पाचव्या वर्षी स्वतःच्या हाताने जेवू दे, सांडलं तर सांडलं. त्याला वाढताना कमी वाढा, मागेल तेव्हा परत. ताटात उरलंच तर झाकून संध्याकाळी त्यालाच द्या.

उसळींसाठी एक सांगते. मटकी, मूग, चवळी आलटून पालटून आठवड्यातून दोनदा भिजत घाला, हे काम मुलीकडे द्या. रात्री भिजवायची, सकाळी पाणी काढून चाळणीत पसरून वर ओलं फडकं. आपल्या दमट हवेत मोड पटकन येतात पण पावसाळ्यात बुळबुळीत होऊन वास पण लगेच मारतो, त्यामुळे फडक्यात घट्ट पुरचुंडी बांधून विसरायचं नाही, मोड दिसले की धुवून निथळून फ्रिजमध्ये. मोड आलेलं कडधान्य घरात तयार असलं की कुकरची एक शिट्टी आणि फोडणी, उसळ झाली. वरून लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. आणि चहा जेवणानंतर लगेच नको, तासभर तरी जाऊ दे, नाहीतर तेच लोह कमी शोषलं जातं. हिमोग्लोबिन कमी असताना हे पाळाच.

चार वाजता काय, तर भाजलेले चणे, उकडलेलं अंडं, ताक, किंवा सकाळीच जास्त करून ठेवलेलं थालीपीठ अर्धं आणि दही. भाजणीत डाळी असतात, चांगली असते. नाचणीचं घावन पण चालेल, नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, सासूबाईंनाही द्या. खारी-फरसाण घरात आणूच नका, डबा भरलेला असेल तर दमलेल्या माणसाने हात लावणारच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा अंडी, कडधान्यं, थोडा जवळा.

जेवल्यावर घरातल्या घरात १०-१५ मिनिटं चाला. जेवणानंतर साखर चढते ती चालण्याने कमी चढते. मुलांना गोष्ट सांगत या खोलीतून त्या खोलीत चाललात तरी चालेल.

गिरगावची_मावशी

मुलींनो, सगळं वाचलं, किती छान बोलता तुम्ही. मी ६८ ची आहे, चाळीत वाढले, मंगळागौरीचे खेळ शिकवते, श्रावणात आमच्या ग्रुपला फार बोलावणी असतात. पावसाळ्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण मुंबईत जून ते सप्टेंबर हे चालणं-फिरणं सगळं ओलं होतं आणि मुलं घरात कोंडली की आईचे हाल.

वन बीएचकेत एक सतरंजीभर जागा रिकामी केली तरी झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा होतात. गाणं म्हणत खेळायचं, गाणं चालू असेपर्यंत थांबायचं नाही. तीन गाणी झाली की घाम निघतो, दम लागतो, छातीत धडधडतं, चांगल्यापैकी व्यायाम आहे. मुलीला गाणी पाठ होतील, मराठी पण होईल. सासूबाईंना खुर्चीवर बसवून गाणी म्हणायला लावा, त्यांना जेवढी येतात तेवढी यूट्यूबवर पण नसतील. पण कंबर दुखतेय तोपर्यंत फुगडी, लाट्या आणि वाकून करायचे खेळ नको हं, आधी फिजिओथेरपिस्टला कंबर दाखव. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सैल राहिलेले असतात कधी कधी, त्याने पण कंबर धरते, ते तपासून घे.

ओट्याला धरून हळूहळू बैठका, दूध तापेपर्यंत. टाचा वर-खाली, भाजी परतताना. हे गुडघे दुखणाऱ्यांनाही थोडं थोडं जमतं.

एक अजून, सासूबाईंना तुझे रिपोर्ट दाखवलेस का? आमच्या पिढीला वाटतं सून चालायला गेली म्हणजे हौस. डॉक्टरांचा कागद बघितला की त्या स्वतः म्हणतील जा म्हणून.

भांडुपची_आई

मावशी, दाखवले आज. त्या काही बोलल्या नाहीत पण दुपारी धाकट्याला स्वतःजवळ घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या तू जेव आधी. आणि पिंगा त्यांना पूर्ण येतो!

टाइमटेबल नवीन केलंय. सकाळी पावणेसात ते साडेसात माझं, नवरा घरी. दहा ते साडेबारा अभ्यास, त्यात धाकट्याचा अर्धा तास. एकला सगळे एकत्र जेवणार. दुपारी वाचन. संध्याकाळी खाली फेऱ्या. वर्कशीट बंद, पुस्तक आणलं. एकच शंका राहिली, धाकटा सकाळी मी दिसले नाही की रडतो, बाबाकडे थांबत नाही. काय करू?

डबेवाला_बाबा

ताई, आमचा पण रडायचा. मी त्याला रोज सकाळी एक काम दिलं होतं, शेंगदाण्याची सालं काढायचं, दाणे भाजलेले असायचे. बाबाकडे सकाळचं काहीतरी स्वतःचं असलं की मुलं थांबतात. आणि तुम्ही आदल्या रात्री सांगून ठेवा की सकाळी आई चालायला जाणार, साडेसातला येणार, गुपचूप निघून जाऊ नका. तो रडला तरी मिस्टरांना फोन करायला लावू नका, सांभाळू देत त्यांना.

बोरीवली_पूर्व

आणि रविवारी पंपिंग स्टेशनला येणार असशील तर सांग, मी मुलांना घेऊन येते, सकाळी लवकर आलं तरच मजा आहे. मोठ्यांनी चालायचं, पोरांनी पक्षी मोजायचे. पाण्याच्या बाटल्या आणि उकडलेली अंडी माझ्याकडे, तू चणे आण.